बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर: मालव्याच्या पावसाळ्यातील जपणूक आणि काडतुसांची पारख

इंदूरला जूनच्या मध्यावर पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की कपाटातील जुन्या कागदांना आणि लोखंडी वस्तूंना एक दमट वास येऊ लागतो. ज्याच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, त्याने त्या वासाला इशारा समजावे आणि त्याच आठवड्यात शस्त्र बाहेर काढून पाहावे. मी हे स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. वडिलांच्या पश्चात रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झाले, त्या पहिल्याच वर्षी मी ते चामड्याच्या म्यानात घालून, सहा काडतुसे त्याच पट्ट्यात खोचून, कपाटात ठेवले आणि दसऱ्यापर्यंत त्याकडे पाहिले नाही. खंडेनवमीला काढले तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस बारीक खड्डे पडले होते आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढला होता. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात राहून जातात आणि कातडे हवेतील ओल शोषून धरते, त्यामुळे म्यान हे शस्त्र कमरेला लावण्याचे साधन आहे, साठवण्याचे नव्हे. ते खड्डे आजही तेथेच आहेत.

आपल्याकडील बहुतेक परवानाधारकांजवळ कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप), सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असते. त्याची घडण ब्रिटिश वेब्ली पद्धतीची आहे, म्हणजे अंगठ्याने खटका दाबताच नळी आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे सहा खण असलेला फिरता गोल, बिजागरीवर पुढे झुकतात आणि मधली चांदणी, जिला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, वर येऊन सर्व पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या पितळी खोळी, एकदम बाहेर ढकलते. 2023 साली त्याच कानपूरमधून ‘प्रबळ’ नावाचे बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हरही बाजारात आले. पुढील सूचना मुख्यतः पहिल्या प्रकाराला धरून लिहिल्या आहेत, परंतु स्वच्छतेचा आणि काडतुसांचा भाग दोन्हींना सारखाच लागू पडतो.

परवान्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा भाग वाचून पुरा होत नाही, कार्यालयातच पुरा होतो. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन मूळ आधार आहेत. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते, अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, तर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. मुदत संपण्याच्या दोन-अडीच महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करावा. मुदत उलटून गेल्यावर हातातले शस्त्र कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना होते आणि मालकाचा चांगुलपणा तेथे कामी येत नाही. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत होळकरशाहीतील किंवा फौजेतील आजोबांचे .38 किंवा .455 चे वेब्ली अजूनही सापडते. ही बोअर निषिद्ध वर्गात मोडतात आणि त्यांची परवानगी केंद्र सरकारकडून घ्यावी लागते. असे शस्त्र माळ्यावर सापडल्यास ते उघडून, पुसून, काडतुसे लावून पाहण्याचा मोह टाळावा आणि प्रथम पोलीस ठाण्यास कळवावे.

घरी काडतुसे भरण्याविषयी

रिव्हॉल्व्हरच्या छंदाविषयी परदेशी मजकूर वाचणाऱ्याला एक गोष्ट वारंवार भेटते. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या गोळा करतात, त्यांत नवी टोपी (ठोका बसताच दारू पेटवणारी बुडातील लहान वाटी), दारू आणि गोळी बसवतात आणि काडतूस घरीच पुन्हा भरतात. ते वाचून आपल्याकडील तरुण परवानाधारक मला विचारतात की आपल्यालाही असे करता येईल काय. याचे उत्तर नाही असेच आहे आणि ते मी कोणतीही पळवाट न ठेवता देतो. दारूगोळा तयार करण्यासाठी अधिनियमाच्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो, बाळगण्याचा परवाना त्या कामाला चालत नाही, आणि या कलमाचा भंग करून दारूगोळा बनवणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारण पुरेसे आहे. .32 च्या रिव्हॉल्व्हर काडतुसात धूररहित दारू केवळ काही ग्रेन असते आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. पुंगळी मात्र बरीच मोठी असते, कारण तिचा आकार जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांतून आलेला आहे. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावते, गोळी नेहमीसारखी बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही; मग सिलिंडर फुटतो तेव्हाच चूक उघडकीस येते. याउलट दारू पडलीच नाही तर टोपीच्या धक्क्याने गोळी नळीत शिरून मध्येच अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडते. ज्याला काडतुसाच्या अंतरंगाची खरी आवड आहे, त्याने ती तयार काडतुसाची पारख करण्यात लावावी. हे कौशल्य आपल्याकडे फार थोड्या मालकांजवळ आहे आणि माझ्या मते रिव्हॉल्व्हरच्या छंदाचा तोच सर्वांत समृद्ध भाग आहे.

काडतुसाची पारख

आपल्याकडे मिळणारे .32 चे रिव्हॉल्व्हर काडतूस मुख्यतः पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येते. हा कारखाना 1869 सालचा आहे आणि त्याची ‘केएफ’ ही खूण पुंगळीच्या बुडावर कोरलेली असते. काडतुसाची जात .32 स्मिथ अँड वेसन लाँग ही असून ती 1896 पासून चालत आली आहे. आजही 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत तिची सपाट तोंडाची गोळी वापरली जाते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘बत्तीस बोअर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसे विकली जातात. एक रिव्हॉल्व्हरचे, दुसरे पिस्तुलाचे, म्हणजे .32 एसीपी. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मला रिव्हॉल्व्हरच्या परवान्यावर पिस्तुलाचे पाकीट दिले गेले आणि मी ते घरी आल्यावर उघडले म्हणून वाचलो. ते काडतूस रिव्हॉल्व्हरच्या खणात पुष्कळदा बसते, आणि धोका नेमका तेथेच आहे, कारण पिस्तुलाच्या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार दर चौरस इंचाला 20,500 पौंड धरलेला आहे, तर रिव्हॉल्व्हरच्या या काडतुसाचा केवळ 15,000 पौंड. ओळखण्याची रीत सोपी आहे. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीची लांबी सुमारे 23 मिलिमीटर असते आणि तिच्या बुडाशी बाहेर आलेली ठळक कड असते, जिच्यावर ती खणात टेकते. पिस्तुलाची पुंगळी सुमारे 17 मिलिमीटरच असते, कड जेमतेम जाणवते आणि कडेच्या वर एक खोल खाच असते. दुकानाच्या काउंटरवरच पाकीट उघडून एक काडतूस हातात घ्यावे, पाकिटावरील छाप, परवान्यावरील नोंद आणि पावती ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत आणि मगच पैसे द्यावेत.

घरी आणल्यावर प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून पाहावे. पुंगळीवर उभी चीर, खोल पोचा, हिरवा थर किंवा गोळीभोवती तेलकट ओल दिसली तर ते वेगळे काढावे. गोळी बोटाने फिरत असेल किंवा शेजारच्या काडतुसापेक्षा आत बसलेली दिसत असेल, तर तेही काढावे, कारण गोळी आत सरकली की दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. टोपीची तपासणी मी काचेच्या तुकड्यावर करतो. काडतूस सपाट काचेवर बुडाने उभे केले आणि ते डुगडुगले, तर टोपी बुडाच्या वर आलेली आहे असे समजावे. असे काडतूस सिलिंडरला मागच्या पाटाशी अडवते. ही तपासणी करताना काडतूस अलगद ठेवावे, आपटू नये, आणि शस्त्र त्या खोलीतही असू नये.

खराब ठरलेले काडतूस काय करावे, हा प्रश्न इंदूरकराला विशेष पडतो, कारण आपल्या दारात रोज कचऱ्याची गाडी येते आणि आपण सहा प्रकारांत कचरा वेगळा करण्यास सरावलो आहोत. काडतूस यांपैकी कोणत्याही डब्यात टाकायचे नसते, घातक कचऱ्याच्या डब्यातही नाही, कारण पुढे तो कचरा दाबणाऱ्या माणसाचा हात त्याखाली येऊ शकतो. ते खान नदीत टाकू नये, पुरू नये, जाळू तर मुळीच नये. ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले त्याच्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते लेखी नोंद करून जमा करावे. चांगली काडतुसे मूळ पाकिटातच, खरेदीची तारीख लिहून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावीत आणि जुनी आधी वापरावीत. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती कधीही ठेवू नयेत. त्यांना तेल लावण्याचा प्रघात मी काही घरांत पाहिला आहे, तो पूर्णपणे बंद करावा, कारण पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि काडतूस निकामी करते.

स्वच्छता

काम सुरू करण्यापूर्वी शस्त्र सुरक्षित दिशेला धरून उघडावे, सहाही खण डोळ्यांनी पाहावेत आणि प्रत्येक खणात करंगळीचे टोक घालून खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद करून मगच टेबलाशी बसावे. इतकी वर्षे झाली तरी मी हे दोनदा करतो, आणि मध्येच कोणी हाक मारली म्हणून उठलो, तर परत आल्यावर पुन्हा करतो. खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि टेबलावर चहाचा कप ठेवू नये, कारण गोळीतील आणि टोपीतील शिशाचे अंश बोटांना लागतात आणि बोटांवरून पोटात जातात.

शस्त्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सिलिंडर काढता येत असेल तर काढावा आणि सफाईची कांडी नळीच्या मागच्या बाजूने घालावी. बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती पुढूनच घालावी लागते. तेव्हा ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासणार नाही अशी बोटांनी मधोमध धरावी, कारण त्या कडेवर ओरखडा आला की नेम बिघडतो. प्रथम नळी साफ करण्याच्या द्रावाने भिजवलेली चिंधी फिरवावी, दहा मिनिटे थांबावे, मग पितळी तारांचा ब्रश आरपार आठ-दहा वेळा न्यावा आणि शेवटी कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नये. नळीचा मागचा निमुळता भाग, जेथे गोळी सिलिंडरमधून उडी घेऊन नळीत शिरते, तेथे शिसे सर्वाधिक चिकटते. त्यावर दुप्पट वेळ द्यावा. मग सहाही खण त्याच रीतीने पुसावेत.

ज्या जागी बहुतेकांची सफाई अपुरी राहते ती म्हणजे चांदणीची खालची बाजू. न जळलेल्या दारूचा एखादा कण तेथे अडकला तर चांदणी पूर्ण बसत नाही, सिलिंडर घासू लागतो आणि मालकाला वाटते की यंत्र बिघडले आहे. चांदणी वर उचलून जुन्या दातांच्या ब्रशने तिच्या खालचा भाग कोरडाच साफ करावा, तेथे तेल घालू नये, कारण तेलावर पुढचे कण अधिक चिकटतात.

तेलाविषयी आपल्या घरांत गैरसमज पुष्कळ आहेत. खोबरेल तेल मालव्याच्या थंडीत घट्ट होते, हे डिसेंबरमध्ये बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोहरीचे तेल हवेने हळूहळू चिकट बनते. यंत्राच्या नाजूक सांध्यांत दोन्ही नकोत. शस्त्रासाठीचे पातळ खनिज तेल घ्यावे, ते न मिळाल्यास शिलाई यंत्राचे चांगल्या प्रतीचे तेल चालते. बिजागरीला, खटक्याला आणि सिलिंडरच्या आसाला एकेक थेंब, बाहेरून तेलाच्या फडक्याचा हलका हात, आणि नळीत पातळ थर एवढे पुरे. झाडण्यापूर्वी नळी व खण कोरडे पुसून घ्यावेत. वापरलेल्या चिंध्या घातक कचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात आणि हात साबण लावून थंड पाण्याने धुवावेत.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा पुसणे पुरते. शस्त्र सुती कापडात गुंडाळून लोखंडी तिजोरीत ठेवावे आणि सोबत सिलिका जेलची पुडी असावी. पुडीतील खड्यांचा रंग बदलला की ते सुकवून पुन्हा वापरता येतात, मात्र हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये. काडतुसे वेगळ्या कुलपात आणि त्या कुलपाची किल्ली वेगळ्या जागी ठेवावी.

खंडेनवमीच्या पूजेबद्दल येथे लिहिले पाहिजे, कारण इंदूरच्या मराठी घरात ती होणारच आणि व्हावीच. शस्त्र आदल्या दिवशी रिकामे करून पुसावे, चौरंगावर कोरे कापड घालून त्यावर ठेवावे आणि हळद-कुंकू, अक्षता व पाणी कापडाच्या कडेला किंवा शस्त्राच्या पेटीवर वाहावे. ओली हळद आणि फुलांतील पाणी निळसर पॉलिशवर एक रात्र राहिले तरी डाग धरतो. पूजेनंतर, वरातीत किंवा मुलाच्या बारशाला हवेत गोळी झाडण्याची रीत जेथे असेल तेथे तिला ठामपणे नकार द्यावा. इतरांचा जीव धोक्यात येईल अशा रीतीने आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करणाऱ्यास कलम 25 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महूच्या रस्त्यावरील शेतात जाऊन ‘थोडा सराव’ करणे हेही तितकेच अयोग्य आहे, कारण सराव परवानगी असलेल्या रेंजवरच करायचा असतो.

झीज तपासणे

वर्षातून दोनदा रिकाम्या शस्त्राची तपासणी करावी. ते बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरून हलके हलवावे. खटक्याशी किंवा बिजागरीशी खडखड जाणवली तर झीज झाली आहे. घोडा अगदी सावकाश मागे ओढावा, तो पूर्ण अडकण्याच्या आत किंवा त्याच क्षणी सिलिंडर पक्का बसला पाहिजे; तो मागे राहत असेल तर खण नळीसमोर नीट येत नाही आणि गोळीचा कपचा बाजूला उडू शकतो. उजेडासमोर धरून सिलिंडर व नळी यांमधील फट पाहावी, ती सहाही खणांना सारखी दिसावी. ही तपासणी सोडून रिकामा चाप पुन्हा पुन्हा ओढू नये; ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये टोपीवर आदळणारी टाचणी घोड्यावरच असते, तेथे ती तुटते. शस्त्र झटका देऊन उघडणे-मिटणे हा पडद्यावर पाहिलेला प्रकार बिजागरी सर्वांत लवकर सैल करतो. दोष आढळला तर ते झाडणे थांबवावे आणि परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावे, कारण दुरुस्ती हीसुद्धा कलम 5 च्या कक्षेत येते आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेणे त्यालाही अडचणीत टाकते.

रेंजवर कानांना आणि डोळ्यांना संरक्षण असावे. चाप ओढूनही काडतूस पेटले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे आणि त्या काळात चाप पुन्हा ओढू नये. पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हरमध्ये ही सूचना अधिक कडक आहे, कारण चाप पुन्हा ओढताच सिलिंडर फिरतो, ते काडतूस नळीसमोरून बाजूला जाते, आणि ते उशिरा पेटलेच तर त्याच्यासमोर नळी नसते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा हाताला धक्का कमी जाणवला, तर तेथेच थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळीत गोळी अडकली नाही ना हे कांडी घालून पाहावे.

या सर्वांची नोंद मी एका वहीत ठेवतो: काडतुसे कोणत्या तारखेला घेतली, किती झाडली, रिकाम्या पुंगळ्या किती शिल्लक आहेत, शस्त्र केव्हा पुसले, निवडणुकीच्या काळात ठाण्यात केव्हा जमा केले आणि केव्हा परत आणले. परवान्यावरील नोंदी आणि प्रत्यक्ष शिल्लक यांचा मेळ नूतनीकरणाच्या वेळी विचारला जातो आणि तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही.

या वहीच्या पहिल्या पानावर मी घरच्यांसाठी काही ओळी लिहून ठेवल्या आहेत. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास, किंवा त्याने वयाची 70 वर्षे पुरी केल्यास, किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगलेले असल्यास, कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो; परंतु तो मंजूर होईपर्यंत शस्त्र घरात ठेवण्याचा वारसाला अधिकार नसतो. म्हणून माझ्या पत्नीला आणि मुलीला मी तिजोरीच्या आणि काडतुसांच्या दोन्ही किल्ल्यांची जागा दाखवली आहे, पोलीस ठाण्याला फोन करून त्यांना घरी बोलवावे, शस्त्र स्वतः उघडू नये आणि जमा केल्याची पावती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवावी, असे सांगितले आहे.